झाकणाखाली पाच स्लग

८ जानेवारी

भावजयबाई,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल.

बाळ्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी त्या एअर रायफलीचा विषय काढला नाही. आता काढते. रायफल आमच्या बाबांची. त्यांनी ती बाळ्याला दिली, बाळ्या आता नाही, तेव्हा ती माझ्याकडे आली पाहिजे. यात न कळण्यासारखं काही नाही, पण तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून फोड करून सांगते.

बाबांनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली होती. मी एकोणीस वर्षांची, बाळ्या सतरा. अंतर पन्नास मीटर, आणि बाबांनी घरी साच्यात शिसं ओतून केलेले स्लग. छर्रा आणि स्लग यातला फरक तुला ठाऊक नसणार. छऱ्याला कंबर असते, मागे झालर असते. स्लग म्हणजे बसकी, सरळसोट गोळी. लांब जाते, वाऱ्याला भीक घालत नाही, पण नळीशी जमलं तरच. दहा मीटरवर छऱ्यांनी मी बाळ्याला रोज रडवायची. त्या दिवशी मात्र माझे स्लग कागदभर विखुरले आणि त्याचे एका जागी बसले. बाबा म्हणाले, मुलीचा हात लांबच्या अंतराला पुरत नाही. रायफल त्याला मिळाली. मी तक्रार केली नाही. नेमबाजीतलं बाबांचं म्हणणं कधी खोटं ठरलं नव्हतं. त्यानंतर मी दहा मीटरच्या पुढे गेले नाही, आणि दहा मीटरवर माझ्यापुढे कोणी टिकलं नाही. इथल्या क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर मी आज कोच आहे ती उगाच नाही.

तू काय करणार तिचं? चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईला रायफल भिंतीला टेकवून ठेवण्यापलीकडे काय जमणार. पाठवून दे. पेटी मजबूत घे आणि आतून कापड लाव.

तुझी नणंद

१९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार लिहिते, कारण तो नाही लिहिला तर तुम्ही चार नातेवाइकांना कळवाल.

पेटी घेतली नाही. रायफल पाठवणार नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलं, मध्ये बोललेही, पण तुम्हाला ऐकू आलं नसेल.

ती भिंतीला टेकलेली नाही. दर रविवारी मी ती गावाबाहेरच्या बंद खाणीत नेते. तिथल्या राखणदाराची परवानगी आहे, समोर मातीचा उंच ढीग आहे. हे होते तेव्हा आम्ही दोघं जायचो. हे मारायचे आणि मी कागद बदलायची. आता मारतेही मीच आणि कागदही मीच बदलते. यांचे कपडे देऊन टाकले. चष्मा दुसऱ्या कोणाच्या नंबराचा होत नाही. यांची, कामाला येईल अशी, एवढी एकच वस्तू घरात उरली आहे. ती तुमच्या पदकांच्या कपाटात शोभेला ठेवायला देऊ?

छर्रा आणि स्लग यातला फरक मला ठाऊक आहे. पन्नास मीटरवर छर्रे वाऱ्याने भरकटतात, म्हणून मी स्लगच आणणार आहे. यांचे संपले, आणि हे कोणते वापरायचे ते दुकानदाराला आठवत नाही. तुमच्याकडे विचारायला आले नव्हते. तुम्हीच विषय काढलात.

तुमची भावजय

२ फेब्रुवारी

भावजयबाई,

पत्र वाचून करमणूक झाली. खाणीत जाऊन मातीच्या ढिगावर गोळ्या झाडणं म्हणजे नेमबाजी असेल तर दगड मारणारी सगळी पोरं नेमबाज आहेत.

एप्रिलमध्ये आमच्या क्लबची वार्षिक स्पर्धा आहे. आदल्या दिवशी रेंज रिकामी असते. ये, आणि माझ्यासमोर पन्नास मीटरवर पाच स्लग मार. पाचही छिद्रं सोड्याच्या बाटलीच्या झाकणाखाली झाकली गेली तर रायफल तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही. एक जरी बाहेर डोकावलं तरी रायफल इथे ठेवायची आणि बसने मोकळ्या हाताने घरी जायचं. बोल.

कोणाला अंधारात ठेवून हरवण्याची मला हौस नाही, म्हणून दोन गोष्टी सांगते. मी स्वतः स्लग मारत नाही, पण माझ्या रेंजवर मारतात आणि मला डोळे आहेत. चांगले नेमबाज काळ्या डब्यातले घेतात. महाग आहेत. स्वस्त स्लग घेऊन नंतर वाऱ्याला शिव्या देणारे मी पुष्कळ पाहिले, त्यात तुझी भर नको.

दुसरी गोष्ट भरण्याची. बाळ्याचं पाहून शिकली असशील तर ते विसर. तो स्लग बोटाने नुसता आत सारायचा आणि खटका लावायचा. कपडे असेच कपाटात कोंबायचा, परीक्षेचे पेपरही असेच लिहायचा. बाबांची रीत वेगळी. गोळी नळीच्या मागच्या तोंडात ठेवली की पेनाच्या टोपणाने मागून पक्की दाबायची, म्हणजे तिची शेपूट फाकते आणि नळीत गच्च बसते. मी आजही एकेक छर्रा असाच भरते. हल्लीच्या रायफलींना गोळ्या आपोआप सरकवणारं मॅगझीन असतं, दाबायची सोय नसते, म्हणून ही नवी मुलं आळशी निपजली आहेत. तू बाबांच्या रायफलीला हात लावणार असशील तर बाबांच्या रीतीने लाव.

तुझी नणंद

२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची अट मान्य. मोकळ्या हाताने घरी जायची वेळ माझ्यावर येणार नाही, तरी परतीचं तिकीट काढून ठेवते.

स्लग आणायला गेले. आमच्याकडचा दुकानदार काउंटरवर कोपर ठेवून झोपतो आणि गिऱ्हाइकाने हाक मारली की त्याचाच अपमान होतो. काळा डबा मागितल्यावर मात्र खडबडून जागा झाला. मी किंमत ऐकली आणि डबा नको, दहा सुटे दे म्हणाले. त्याने तोंड वाकडं केलं. मी तिथेच उभी राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं जमली तेव्हा त्याने डबा फोडला. तसेच निळ्या डब्यातले दहा घेतले आणि तपकिरी कागदी पाकिटातले दहा. तपकिरी सगळ्यांत स्वस्त, काळ्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. नावही कोणी ऐकलं नसेल.

घरी येऊन कामाला लागले. तुमच्या चांगल्या नेमबाजांचे डोळे डब्याच्या रंगावर असतात, मी आधी स्लग काचेवर सोडून पाहिले. दुकानातून आणलेली ही काच अगदी सपाट आहे. सरळ स्लग तिच्यावर सरळ घरंगळतो, वाकडा एका बाजूला ओढतो. निळ्यातले चार वाकडे निघाले, ते बाद. मग प्रत्येक प्रकारातला एकेक स्लग पितळी दांडीने नळीतून हळू ढकलून बाहेर काढला आणि काचेची जाडी मोजायच्या कॅलिपरने मोजला. तुमचा काळा नळीतून सहज निसटला, अंगावर नळीच्या आतल्या वळशांची खूणसुद्धा नीट उमटली नाही. बाबांची रायफल जुनी, नळी झिजलेली. नव्या रायफलींना जो बसतो तो हिला सैल. तपकिरी केसभर जाड आहे. तो अडला, रेटून काढावा लागला, आणि सगळे वळसे त्याच्यावर स्वच्छ उमटले. म्हणजे या नळीचा जोडीदार तपकिरी. स्वस्त आहे हा त्याचा दोष मला तरी सापडला नाही.

आता तुम्ही खूश व्हाल असं सांगते. खाणीत तिन्ही मारून पाहिले. टोपणाने दाबून, बाबांच्या रीतीने. काळे आणि निळे विखुरले, त्याचं नवल वाटलं नाही. पण तपकिरीही विखुरले. दोन एका जागी, तिसरा वीतभर दूर, चौथा कागदावरच नाही. माप बरोबर, वजन एकसारखं, वारा नाही. कशाने होतंय ते कळत नाही. विचारत नाही, नुसतं कळवते.

तुमची भावजय

१२ मार्च

भावजयबाई,

काचेवर स्लग घरंगळवणारी बाई आमच्या कुटुंबात आली हे बाबांनी पाहिलं नाही, बरं झालं. लोक लग्नात मुलगी निवडताना एवढी पारख करत नाहीत.

पण माप तू बरोबर काढलं असशील. दुकानात आयुष्य गेलं तुझं, तेवढं जमायला हवं. मग उरलं काय? गोळी बरोबर, नळी बरोबर, वारा नाही, भरायची रीत बाबांची. उरला हात. बाबांनी मला जे सांगितलं तेच मी तुला सांगते: बायकांचा हात लांबच्या अंतराला पुरत नाही. मला ऐकून वाईट वाटलं होतं, आठ दिवस जेवण गेलं नाही. पण मी ते ऐकलं आणि दहा मीटरवर माझी जागा करून घेतली. तुझ्याकडे तेवढाही शहाणपणा नाही. तू त्या खाणीत बसून महिनाभर शिसं फुकट घालवशील आणि शेवटी रडत येशील.

बाळ्याचे स्लग एका जागी बसायचे याचं मात्र मला आजही नवल वाटतं. एवढा गबाळा माणूस. नशीब म्हणतात ते हेच असावं.

पेटीला आतून कापड लावायचं विसरू नकोस. एप्रिलमध्ये ती इथे राहणार आहे, प्रवासात ओरखडा नको.

तुझी नणंद

२१ मार्च

वन्सं,

काचेची कड घासताना तुकडा उडाला. उजव्या अंगठ्याला टाके पडले आहेत, पट्टी जाडजूड आहे. दोन आठवडे काम बंद.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी येते. तारीख बदलू नका. अंगठ्याचं निमित्त मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

बायकांच्या हाताबद्दल जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. समोर भेटल्यावर उत्तर देईन.

तुमची भावजय

११ एप्रिल

भावजयबाई,

झाकण मी स्वतः ठेवलं. दोनदा ठेवलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. पाचही खाली गेले. बाजूला दोन मुलं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत हे तू पाहिलंस.

रायफल तुझी. मी दिलेला शब्द मागे घेत नाही.

पण मी मूर्ख नाही. फेब्रुवारीत तुझा चौथा स्लग कागदावरही नव्हता, आणि एप्रिलमध्ये पट्टी बांधलेल्या अंगठ्याने तू पाच एका ठिकाणी ठोकलेस. एवढा सराव एका महिन्यात कोणी करू शकत नाही, तू तर नाहीच. तुझे स्लग मी मागून घेतले आणि क्लबातल्या दोघांना दाखवले. तेच तपकिरी भिकार स्लग. ते म्हणाले, यात काही गोम नाही. मग गोम कशात आहे? तू चहा न घेता निघून गेलीस. उत्तर देईन म्हणाली होतीस, दिलं नाहीस. मला फसवलं असशील तर निदान कसं फसवलं ते कळव.

तुझी नणंद

२ मे

वन्सं,

चहा घेतला नाही, कारण घेतला असता तर सगळं तिथेच बोलून गेले असते, आणि ती दोन मुलं ऐकत होती. तुमची किंमत मी तुमच्या शिष्यांसमोर कमी केली नाही. तुम्ही माझी केली असती.

फसवलं नाही. अंगठ्याला टाके पडल्यावर टोपण धरता येईना. दाबायला अंगठाच लागतो. म्हणून तर्जनीने स्लग नुसता आत सारला आणि खटका लावला, यांच्यासारखा. तुम्ही ज्याला गबाळेपणा म्हणता तसा. खाणीत पहिले पाच मारले आणि कागदाकडे चालत गेले तर एक मोठं छिद्र. मला वाटलं चार कागदाबाहेर गेले. नव्हते गेले. पाचही त्याच छिद्रातून गेले होते.

पट्टी सुटली तेव्हा मुद्दाम करून पाहिलं. त्याच पाकिटातले, त्याच दुपारी, एक दाबून आणि एक न दाबता, आळीपाळीने. न दाबलेले एका जागी, दाबलेले चहूकडे. मग दाबलेला एक स्लग न मारता बाहेर काढला आणि दुकानातल्या भिंगाखाली धरला. टोपणाने त्याची शेपूट फाकते खरी, पण सारखी फाकत नाही. एका बाजूला जास्त ओठ निघतो. छऱ्याची झालर पातळ असते, ती नळीत गेली की पुन्हा गोल होते. स्लगची शेपूट जाड. वाकडी झाली की वाकडीच राहते, आणि नळीतून निघताना हवा त्या बाजूने आधी सुटून स्लगला कलंडवते.

बाबांची रीत छऱ्यांची होती. ती त्यांनी स्वतः ओतलेल्या स्लगांनाही लावली, आणि त्यांना कोण सांगणार होतं.

आता वाचा, वन्सं, आणि बसून वाचा. त्या दिवशी पन्नास मीटरवर तुम्ही प्रत्येक स्लग टोपणाने दाबला असणार. बाबा मागे उभे होते. बाबांनी सांगितलेलं तुम्ही कधी मोडलं नाही. तुमच्या भावाने मोडलं, कारण त्यांना कंटाळा होता. त्यांनी पाचही नुसते आत सारले. बाबांनी ज्याला रायफल दिली तो काही तुमच्याहून चांगला नेमबाज नव्हता. तो बाबांचं ऐकत नव्हता, एवढंच.

यांना हे ठाऊक होतं का, असं तुम्ही विचाराल. मीही रात्रंदिवस तेच विचारते आहे. मला नाही वाटत. ते गेले म्हणून आता मी त्यांना हुशार ठरवणार नाही. ते आळशी होते आणि त्या एका दिवशी आळस बरोबर होता.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. तुमच्या हातात काही कमी नव्हतं, आणि कमी आहे हे तुम्ही चाळीस वर्षं मान्य केलंत. वर मार्चमध्ये तेच मला लिहून पाठवलंत. बाबांनी तुमच्यावर केलं ते तुम्ही माझ्यावर करायला निघालात, तेसुद्धा पोस्टाचं तिकीट लावून. मला तुमचा राग आला, वन्सं. अजून आहे.

जूनमध्ये रायफल आणि तपकिरी पाकीट घेऊन येते. नको म्हणालात तरी येते. न दाबता पाच मारून पाहा.

तुमची भावजय

१४ जून

भावजयबाई,

तू आलीस, मी मारले. तू चेहऱ्याकडे बघत उभी होतीस आणि मला ते आवडत नाही, म्हणून मी कागद उतरवायला निघून गेले.

तू गेल्यावर मी तो कागद घरी आणला. टेबलावर ठेवून पुन्हा झाकण लावून पाहिलं. पाच स्लग, झाकणाच्या आत, आणि झाकणात अजून एकाची जागा होती. एकसष्टाव्या वर्षी. डोळ्यांना नंबर आहे, गुडघा दुखतो, खांद्याला रायफल पूर्वीसारखी बसत नाही. एकोणिसाव्या वर्षी यातलं काही नव्हतं.

बाबा चुकले. हे मी आधी पेन्सिलीने लिहिलं, खोडलं, आणि आता शाईने लिहिते आहे. बाबा चुकले आणि त्यांनी ते माझ्या हातावर ढकललं. चूक शोधायला टोपण बाजूला ठेवून एकच स्लग मारावा लागला असता. तेवढा संशय त्यांना स्वतःच्या रीतीवर कधी आला नाही. मुलीच्या हातावर आला. आणि मी, नेमबाजीतली शहाणी, मलाही कधी आला नाही. रेंजवरची ती आळशी मुलं दाबत नव्हती आणि त्यांचे स्लग माझ्यासमोर एका जागी बसत होते. मी रोज बघत होते आणि त्यांना नावं ठेवत होते.

मार्चमध्ये तुला जे लिहिलं ते मागे घेते. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा एवढंच.

काल क्लबात पन्नास मीटरच्या गटात नाव दिलं. नोंदणीच्या माणसाने दोनदा विचारलं की दहाच ना? त्याला सांगितलं, कान तपासून घे. क्लबची एक जुनी रायफल घेणार आहे. तिची नळी दांडीने मोजून बघायला शिकते आहे. तपकिरीच बसेल असं नाही, हे मलाही कळतं. तू पुढच्या वर्षी आलीस तर समोर मी असेन आणि तुला हरवेन. एका झाकणाने तू फार मोठी झालेली नाहीस.

आता रायफल. निघताना तू ती माझ्या टेबलावर ठेवलीस आणि बसस्टॉपवरून निरोप पाठवलास की विसरले. तू काही विसरणाऱ्यातली नाहीस. स्लग मोजून नेतेस, रायफल विसरतेस. आमच्या क्लबचा एक माणूस तुमच्याकडे येतो आहे, त्याच्या हाती ती परत पाठवते. पेटीला आतून कापड मी लावलं आहे, तुझं फार वाईट लावलेलं होतं. सांभाळून उतरवून घे.

मनात काय होतं तुझ्या ते मला कळलं, आणि बरं वाटलं, तेही लिहिते. पण मी ती ठेवू शकत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मला ती रायफल हवी आहे. आता ती दोन दिवस माझ्या टेबलावर होती आणि मला तिच्याकडे बघवेना. मला रायफल नको होती. बाबांनी ती माझ्या हातात द्यायला हवी होती. तू दिलीस तरी ती बाबांनी दिलेली होत नाही, आणि बाबा आता काही देणार नाहीत.

तुझी नणंद